मधला आकडा

भाऊजी, तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. बोलणाऱ्यांनी सांगितलं की तुम्ही शांत होता, निगर्वी होता, कधी कोणाला दुखवलं नाहीत. मी पुढच्या खुर्चीत बसून ऐकत होते. दर वाक्याला वाटायचं, हे कोणाबद्दल चाललंय. सभा संपल्यावर चिटणीस म्हणाले, "वहिनी, मंडळाच्या अंकासाठी तुम्ही काहीतरी लिहा. त्यांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?" ओळखते म्हणूनच मी नको म्हणत होते. मग म्हटलं, लिहितेच. आता तुम्ही बोलणं अर्धवट टाकून अंगणात फेऱ्या मारायला जाऊ शकत नाही.

तुमच्या पदव्या आणि मानसन्मान बाकीच्यांनी लिहिलेत. मी त्या आकड्यांच्या कागदांबद्दल लिहिणार आहे.

मी लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होता. थोरल्या भावाची बायको म्हणून माझ्या मागेमागे असायचात, आणि पाटीवरची गणितं मला दाखवायला आणायचात. पुढे हे गेले. मूलबाळ नव्हतं. तुम्ही तेव्हा इकडे युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला होता. कराडला येऊन म्हणालात, "वहिनी, चंडीगडला चला. मला घरचं जेवण मिळेल, तुम्हाला भावकीची बोलणी ऐकावी लागणार नाहीत." तुम्ही लग्न केलं नव्हतं, पुढेही केलं नाहीत. सेक्टर चौदाच्या क्वार्टरमध्ये मी वीस वर्षं राहिले. मला कोणाला काही कमी-जास्त बोलू दिलं नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी रजा काढून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिलात. ह्या सगळ्याचे उपकार मानते. आधीच मानून टाकते, म्हणजे पुढे मध्येमध्ये मानावे लागणार नाहीत.

आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत पहिल्यांदा केबलची तार आली, त्या थंडीत तुमचा विद्यार्थी पळाला. पळाला म्हणजे बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत गेला. तोवर मुलं तुमच्याकडे चार-चार वर्षं चिकाटीने बसायची. त्या दोन-तीन वर्षांत एकदम नोकऱ्या निघाल्या आणि आकाशाकडे बघायला कोणाला वेळ उरला नाही. तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी स्कूटरवर पुढे कागदांचा एवढा मोठा गठ्ठा ठेवून आलात. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्या घातलेला लांबच लांब कागद, आणि त्यावर मुंगीएवढे आकडे.

"वहिनी, तुम्हाला आकडे वाचता येतात ना?"

"चौथी पास आहे. पाढे तिसापर्यंत येतात. तुम्हाला किती येतात?"

"मला कॅलक्युलेटर येतो," तुम्ही म्हणालात, आणि गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवलात.

तुम्ही समजावून सांगितलंत ते मला अजून पाठ आहे. एकेका कागदावर एकेक दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गाव. आकडा म्हणजे त्या जागी दुर्बिणीत किती उजेड पडला ते. तुम्ही मुद्दाम फिक्या दीर्घिका निवडल्या होत्या, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही अशा. पाण्याच्या भोवऱ्यासारखे त्यांचे हात सुटे सुटे पसरलेले, आणि मोठ्या दीर्घिकांच्या पोटात जुन्या ताऱ्यांचा जाड फुगवटा असतो तसा ह्यांना नाही. मी म्हटलं, "म्हणजे गावठाण नसलेलं गाव. ह्या चंडीगडसारखं. नुसते सेक्टर, मध्ये जुनं गाव कुठेच नाही." तुम्ही मोठ्याने हसलात. दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये ते सगळ्यांना सांगितलंत, आणि "मेरी भाभी कहती हैं" असं म्हणून सांगितलंत. तो विनोद होता. विनोद माझ्या नावावर खपवायला तुमची कधीच हरकत नव्हती.

काम सोपं होतं. लांबची दीर्घिका बघताना आपल्या जवळचे तारे वाटेत येतात, खिडकीच्या काचेवर माश्या बसल्यासारखे. त्यांचा उजेड हिशेबात धरायचा नाही. जिथे आकडा आजूबाजूच्या आकड्यांपेक्षा एकदम उडी मारतो, तिथे लाल पेन्सिलने गोल करायचा आणि आतले आकडे खोडायचे. दुपारची भांडी झाली की मी अंगणात उन्हाला खुर्ची टाकून तेच करायची. शेजारच्या मिसेस शर्मा कुंपणावरून विचारायच्या, "भाभीजी, लॉटरी के नंबर हैं क्या?" मी म्हणायची, "हाँ जी, लगी तो आधी आपकी, आधी मेरी."

तिसऱ्या-चौथ्या कागदाला माझ्या लक्षात आलं. कडेला साठ, सत्तर. आत येत जावं तसे ऐंशी, नव्वद, शंभर, एकशे दहा, हळूहळू चढत जाणारे. आणि बरोबर मध्ये एकदम चारशे. पुढच्या कागदावर तसंच. त्याच्या पुढच्यावर नव्हतं, पण त्यानंतरच्या तिन्हींवर होतं. मी सगळीकडे गोल करत गेले, पण मनाला पटेना. संध्याकाळी तुम्ही आल्यावर विचारलं.

"भाऊजी, हा मधला कोण?"

"कोण म्हणजे? तारा. आपल्याकडचा. वाटेत आलाय."

"प्रत्येक वेळी बरोबर मधेच कसा वाटेत येतो? बाकीचे कसे कुठेही पडलेत, कडेला, कोपऱ्यात. हा एकटाच कसा नेम धरून मध्ये बसतो?"

"योगायोग असतो, वहिनी."

"एकदा असतो. नऊ कागदांवर नसतो."

तुम्ही कागद हातात घेतलात, चष्मा कपाळावर चढवून बघितलात. मला वाटलं, आता बसतील. तुम्ही कागद परत दिलात आणि पातेल्यात भरून ठेवलेल्या मटाराकडे बोट केलंत. "तुम्ही मटार निवडा. दीर्घिका मी निवडतो."

मी मटार सोलले. तुम्ही खोलीत जाऊन आलेख काढत बसलात. तो आलेख मी नंतर टेबल पुसताना पाहिला. मधले आकडे खोडले की रेघ सुतासारखी सरळ यायची. ठेवले की टोकाला नाकासारखी वर उडायची. तुमच्या गुरूंनी तुम्हाला शिकवलं होतं की ह्या फिक्या दीर्घिकांची रेघ सरळच येते. तुम्हाला सरळ रेघ हवी होती आणि ती तुम्ही माझ्या हातून काढून घेतलीत. पन्नासच्या वर कागद होते. जिथे जिथे मधला आकडा उडी मारत होता, तिथे तिथे मी तो खोडला. मला पटत नव्हतं तरी खोडला, कारण तुम्ही शिकलेले होता.

तुमचा लेख छापून आला. तुम्ही पेढे आणलेत. ते गठ्ठे कोपऱ्यात धूळ खात होते. मी विचारलं, ह्यांचं काय करू. म्हणालात, "टाका. काम झालं त्यांचं." मी काही कागद स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले, जाड आणि रुंद होते म्हणून. बाकीचे रद्दीवाल्याला दिले. आज खरं ते लिहिते. देताना मला बरं वाटलं. मटार मी विसरले नव्हते.

त्यानंतर पाच-सहा वर्षं गेली. डिपार्टमेंटमध्ये इंटरनेट आलं. एक दिवस सकाळी अकराला तुम्ही घरी आलात. त्या वेळी तुम्ही कधी येत नसायचात, म्हणून मला वाटलं बरं नाही. तुमच्या हातात एका दीर्घिकेचं छापलेलं चित्र होतं. तुम्ही चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात आलात आणि फळीवरचे डबे उतरवायला लागलात. हळदीचा, हिंगाचा, पोह्यांचा. डबा खाली ठेवायचा, खालचा कागद ओढायचा, उजेडाकडे धरायचा. जिऱ्याच्या डब्याखाली एक दीर्घिका निघाली. चटणीच्या बरणीखालच्या कागदावर तेल उतरून तो आरपार दिसायला लागला होता. माझे लाल गोल मात्र जसेच्या तसे होते.

"बाकीचे कुठायत?"

"रद्दीत गेले."

"रद्दीत?"

"तुम्हीच टाका म्हणालात."

"मी म्हणालो आणि तुम्ही टाकलेत? एरवी कधी माझं ऐकता तुम्ही?"

"आणि तुम्ही माझं कधी ऐकलंत?"

तुमचा हात डब्यावर तसाच राहिला. वहिनी, तुमचं बरोबर होतं, एवढं त्या वेळी तुम्ही म्हणू शकला असता. घरात आपण दोघंच होतो. कोणी ऐकणारं नव्हतं, तुमची मान खाली जाण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मूळ आकडे ज्या टेपवर होते त्यासुद्धा पुसून पुन्हा वापरतात," आणि डबे परत फळीवर ठेवायला लागलात. मीठ साखरेच्या जागी ठेवलंत. त्या दुपारचा चहा मी तसाच केला आणि तुम्ही तसाच प्यालात.

चार दिवसांनी सकाळी लेकवर फिरायला गेलो तेव्हा तुम्ही आपणहून सांगितलंत. ती सकाळ चांगली होती, तेही लिहिते. अंतराळात सोडलेल्या दुर्बिणीने त्या फिक्या दीर्घिकांचे मध्य जवळून पाहिले होते. तिथे एक तारा नव्हता. लाखो ताऱ्यांचा गच्च पुंजका होता, इतक्या थोड्या जागेत इतके तारे की लांबून तो एकच ठिपका दिसावा. म्हातारे तारे आणि कालपरवा जन्मलेले तारे एकत्र. दीर्घिका एवढी पातळ, विस्कटलेली, फिक्कट, आणि तिच्या पोटात ही गाठ. एकदा होऊन थांबलेली नाही, मध्येच पुन्हा नवे तारे होतात. तुम्ही बोलताना हात हलवत होता, फिरायला आलेली माणसं वळून बघत होती. तुम्ही नऊ वर्षांचे असताना बेरीज जुळली की असेच हात हलवायचात.

"लांबून तो ताऱ्यासारखाच दिसतो, वहिनी. त्यामुळे सगळेच फसले."

"सगळे नाही," मी म्हटलं.

तुम्ही पाण्याकडे बघितलंत. बदकं होती थोडी. मग म्हणालात, "चला, ऊन होईल."

आता ह्या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळजण ज्या कार्यक्रमाला होते तिथे येते. तुमच्या निवृत्तीचं भाषण. मंडळातले सगळे आले होते, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून फौजी कुटुंबं आली होती. तुम्ही अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत बोललात. पडद्यावर ती दीर्घिका दाखवलीत, मधल्या ठिपक्यावर काठी ठेवलीत आणि म्हणालात की हे मी जगाच्या आधी पाहिलं होतं, पण मी ते माझ्या हाताने खोडलं. चूक कबूल करणारा माणूस लोकांना आवडतो. मग तुम्ही म्हणालात, "शक मुझे उसी वक़्त हुआ था. हर बार ठीक बीच में ही क्यों? लेकिन मैंने अपने शक की नहीं सुनी."

टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. म्हणाल्या, "केवढा मोठेपणा."

शब्दसुद्धा माझेच होते, भाऊजी. नुसते हिंदीत केले होते. आणि खोडणारा हात तुमचा नव्हता. चूक मोठी दिसेल म्हणून तीही स्वतःकडे घेतलीत, शंका शहाणी दिसेल म्हणून तीही घेतलीत. मला मधल्या आकड्यासारखं काढून टाकलंत आणि गोष्ट सरळ रेघेत बसवलीत. बोलताना तुम्ही डावीकडे पाहिलंत, उजवीकडे पाहिलंत, मी बसले होते त्या पुढच्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाहीत. तेवढ्यावरून मला कळलं की तुम्ही विसरलेले नाही.

घरी आल्यावर मी हार बादलीत ठेवला आणि विचारलं.

"शंका तुम्हाला कधी आली होती?"

"भाषणात असं बोलावं लागतं, वहिनी. लोकांना समजावं म्हणून."

"वहिनीला आली म्हणाला असता तर लोकांना कमी समजलं असतं?"

"लोक हसले असते."

"कोणाला? मला का तुम्हाला?"

तुम्ही बुटाची नाडी सोडत होता. गाठ बसली होती. ती सुटली, बूट निघाले, तुम्ही खोलीत गेलात. तो प्रश्न तिथेच पडलाय.

क्वार्टर सोडून आपण सेक्टर चाळीसला वरच्या मजल्यावर भाड्याने आलो. तिथे वर्षभर आपण गॅस, दूधवाला, वीज गेली, वीज आली, एवढंच बोललो. तुम्ही सकाळी माझ्यासाठी मराठी मासिकं कुठून कुठून आणून ठेवायचात, टेबलावर, काही न बोलता. मी तुमच्या पोळ्यांना तूप लावायची, काही न बोलता. मासिक वाचून माझं समाधान झालं नाही आणि तुपाने तुमचं झालं नसणार. दोघंही म्हातारी, दोघंही हट्टी. पण हट्ट करण्याचा हक्क माझा होता. तुमचा नव्हता.

मग छातीत दुखलं आणि सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. पाच दिवस होता. मी रोज डबा घेऊन यायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी म्हणालात, "उद्या डबा आणू नका. ऊन फार आहे. इथली खिचडी बरी असते." मी आणला नाही. संध्याकाळी येते म्हटलं. जेवणाच्या वेळेला तुम्ही गेलात, मी रोज तिथे असायची त्याच वेळेला. तुमचं म्हणणं मी आयुष्यात दोनदाच वाद न घालता ऐकलं. एकदा कागद टाकले, एकदा डबा नेला नाही. दोन्ही वेळेला ऐकायला नको होतं.

ते दुःख मी कोणाला दाखवलं नाही, इथेही दाखवणार नाही.

काल नवनीत आली होती. तुमच्या हाताखाली शेवटची डॉक्टरेट केलेली मुलगी, आता कॉलेजात शिकवते. तुमची पुस्तकं डिपार्टमेंटला न्यायची होती. खोके भरून झाल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आंटी, एक बात बतानी थी. सर ने हॉस्पिटल में मुझसे कहा था, वो सवाल मेरा नहीं था, मेरी भाभी का था. मैंने कभी बोला नहीं."

मी खोक्यावरची धूळ पुसत राहिले. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं.

मी विचारलं, "मुझे बताने को कहा था?"

"नहीं आंटी. मैंने पूछा, आपने उनसे कहा? तो बोले, उनको तो पता ही है."

ती म्हणाली, डिपार्टमेंट तुमच्यावर पुस्तिका काढतंय, त्यात हे घालते, आणि माझं पूर्ण नाव विचारलं. मी नको म्हटलं. तिला वाटलं मी संकोच करतेय. संकोच नाही. जे तुम्ही म्हणायचं होतं ते तिने छापून मला काय मिळणार. इथे मात्र मी लिहिते, कारण त्या दिवशी टाळ्या वाजवणारे हा अंक वाचतात. त्यांनी कशाला टाळ्या वाजवल्या ते त्यांना कळू दे.

मला माहीत होतं, भाऊजी. माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, मराठीत, घरात, बसून. लेकवरच्या त्या सकाळपासून मी दहा वर्षं ऐकायला तयार होते.

नवनीत गेल्यावर मी आठवत बसले, ती हॉस्पिटलमध्ये आली कधी. तिसऱ्या दिवशी, अर्धा तास. मी रोज डबा घेऊन आले की तुमच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसायची, उठत नसे. ती आल्यावर तुम्ही म्हणालात, "वहिनी, हिच्यासाठी खालून चहा आणता का? मलाही घोटभर." दोन जिने उतरून मी गेले, रांगेत उभी राहिले. कप घेऊन वर आले तेव्हा तुम्ही दोघं गप्प होता. नवनीत एकदम उठून उभी राहिली आणि माझ्या हातातले कप घेतले. मला वाटलं, मुलगी वळणाची आहे. तुम्ही एक घोट घेतलात, भिंतीकडे वळलात आणि म्हणालात, "साखर कमी आहे."